अडतीस युनिटांची तहान

नाचणगाव
२ मार्च २०२५

चि. आदेश यास लीलामामीचे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकला असशील. तुझे मामा गेल्याला तीन उन्हाळे होत आले, तेव्हापासून मी तुझ्याशी बोलले नाही आणि तूही माझ्या दाराशी येऊन फार जीव टाकला नाहीस. आता लिहिते आहे, कारण तुझी जाहिरात आपण होऊन माझ्या घरात आली. पुलगावच्या बाजारातून कोथिंबीर आणली, ती तुझ्याच कागदात बांधलेली होती. 'शीतल विहार, पिपरी मेघे. ऊर्जाबचत घरे. वर्षाला दर चौरस मीटरमागे फक्त ३८ युनिट.' उद्घाटन अक्षय तृतीयेला, संध्याकाळी. खाली तुझा फोटो, हेल्मेट घातलेला.

मला घराची चौकशी करायची आहे. इथल्या वरच्या खोलीत उन्हाळ्यात राहवत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. ती तूच बांधलीस. मामांचं कवेलूचं, कौलारू घर पाडायला लावलंस, "लोक चंद्रावर चालले अन् तुम्ही अजून कवेलूत?" म्हणालास, आणि त्या जागी स्लॅबचं उभं केलंस. खाली दुकानाचा गाळा, वर राहायची खोली. मी नको म्हणत होते. मामा म्हणाले, "भाचा हाये थो. भाच्याले नाई म्हनू नये, लीला." नाही म्हटलं नाही. मे महिन्यात मी देवळीला गेले होते, दुपारी वीज गेली, आणि मी परत आले तेव्हा मामा त्या खोलीत पडलेले होते. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. माणूस सावलीत होता, घरात होता, आणि त्याला ऊन लागलं.

तेराव्याला तू चारचौघांत काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. "दार तं उघडंच होतं. मामा उठून खाली काऊन नाई आले?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पंगतीतल्या दोघांनी मानाही डोलावल्या. जणू माझा माणूस आळसानं मेला.

तर राग गेला का, असं विचारू नकोस. गेलेला नाही. पण पोटात राग ठेवूनही माणूस बाजार करतो. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित आणि भूगोल शिकवला, न समजलेल्या आकड्यावर मी सही करत नाही. हे अडतीस युनिट म्हणजे काय ते नीट समजावून लिही. फोन करू नकोस, आता कानानं काही ऐकू येत नाही. लिहिलेलं बरं असतं, पुन्हा वाचता येतं.

तुझी मामी,
लीला


पिपरी मेघे
९ मार्च २०२५

ती. लीलामामी यांस आदेशचा साष्टांग नमस्कार.

मामी, पत्र वाचून डोळे भरून आले. आईला वाचून दाखवलं, तीही रडली. "माह्या भावजयीनं पत्र धाडलं," म्हणून शेजारी सांगत सुटली. रागवायचा तुम्हाला हक्क आहे. लहानपणी प्रत्येक उन्हाळा तुमच्याकडे काढलेला मी. तेराव्याचं मला खरंच आठवत नाही. बोललो असेन, तर त्या वेळी डोकं ठिकाणावर नव्हतं असं समजा.

आता आकड्याचं. सोप्यात सांगतो. उन्हाळ्यात छपरातून, भिंतीतून, खिडक्यांतून घरात उष्णता शिरते. माणसांची, चुलीची, फ्रीजची वेगळी. घरात सुखानं बसता यावं म्हणून ती उष्णता बाहेर काढावी लागते. वर्षभरात एकूण किती काढावी लागेल, त्याला घराच्या क्षेत्रफळानं भागायचं. आलं उत्तर. यालाच ऊर्जेची मागणी म्हणतात. ही घराची तहान समजा. साध्या घराची तहान मोठी, आपल्या घराची फक्त अडतीस.

हा आकडा म्हणजे विजेचं बिल नाही, बरं का. पुष्कळ लोक तिथे फसतात. एसी एक युनिट वीज खातो आणि साधारण तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे तहान अडतीस असली तरी मीटरवर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच दिसणार. पंखे, दिवे, टीव्ही वेगळे.

हे सगळं पुण्याच्या कन्सल्टंटनं कॉम्प्युटरवर काढलं आहे, अंदाजपंचे नाही. वर्ध्यात असा आकडा छापणारा मी पहिलाच. प्रभाकररावांनी, म्हणजे माझ्या पार्टनरनी, त्या एका आकड्यावर पैसा लावलाय. तुम्ही पहिलं बुकिंग केलंत तर उद्घाटनाची फीत तुमच्याच हातून कापू. तुमचे विद्यार्थी जिल्हाभर आहेत. लीलाबाईंनी घेतलं म्हणजे पारखून घेतलं, असंच म्हणतील सगळे.

तुमचा,
आदेश


नाचणगाव
१७ मार्च २०२५

चि. आदेश यास आशीर्वाद.

छान समजावलंस. तहान हा शब्द तर माझ्या मनातच बसला. तू शाळेत असताना एवढं सुबोध लिहिलं असतंस तर निबंधात पास झाला असतास.

आता मास्तरणीच्या शंका.

तू क्षेत्रफळानं भागलंस म्हणतोस. कशाच्या? तुझ्या कागदावर नकाशा आहे, त्यात गाडी ठेवायची जागा, जिना आणि गच्ची सगळं एकाच रंगानं भरलंय. त्या सगळ्यानं भागलंस का? गाडीला कोणी एसी लावत नाही. भाजक फुगवला की भागाकार लहान येतो, हे चौथीच्या पोरालाही कळतं. पंगतीत दहा माणसं जेवली आणि तू मांडवाचे खांबही पानांत मोजलेस, तर दर पानाला भात कमीच लागणार.

घर दुमजली आहे. अडतीस हा खालच्या मजल्याचा आकडा की वरच्या? खालच्याच्या डोक्यावर वरचा मजला छत्रीसारखा असतो. वरच्याच्या डोक्यावर नुसता स्लॅब, आणि स्लॅबवर सूर्य. मामा वरच्या मजल्यावर होते म्हणून विचारते.

आणि हा हिशोब कुठल्या गावच्या उन्हावर केला? भूगोल शिकवला म्हणून विचारते आहे, दुसरं काही नाही.

इकडे ऊन आतापासूनच तापायला लागलंय. तुझ्या आईला ताक पीत जा म्हणून सांग.

मामी


पिपरी मेघे
२६ मार्च २०२५

ती. मामीस नमस्कार.

मामी, तुम्ही तर कन्सल्टंटपेक्षाही बारीक तपासता! असा ग्राहक मिळायला भाग्य लागतं.

होय, क्षेत्रफळ एकूण बांधकामाचं धरलंय, गच्ची आणि पार्किंगसकट. मार्केटमध्ये सगळे तसंच धरतात. एकट्यानं वेगळं धरलं तर आपलाच आकडा मोठा दिसतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. अडतीस ही दोन्ही मजल्यांची सरासरी आहे. वरचा थोडा जास्त, खालचा थोडा कमी, घर एकच.

हवामानाचं म्हणाल तर कन्सल्टंट पुण्याचा, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याचं हवामान तयार होतं, तेच घातलं. वर्ध्याचं मागवायचं, भरायचं, पुन्हा सगळं चालवायचं, त्यात वेळ जातो आणि ब्रोशर छापायला गेलं होतं. महाराष्ट्र एकच आहे, मामी. थोडाफार फरक पडेल. शेवटी आकडा हा तुलनेसाठी असतो, काही त्यावर भाकरी भाजायची नसते.

बुकिंगचं कधी पक्कं करता? आई म्हणते, लीलाला म्हणावं माझ्या शेजारीच घे.

आदेश


नाचणगाव
४ एप्रिल २०२५

आदेश,

पुण्याचं ऊन!

पत्र वाचून मी हसले. शेजारच्या गुलाबला वाटलं मला काही झालं, ती धावत आली. मी तिला म्हटलं, अगं, आमच्या भाच्यानं वर्ध्याची घरं पुण्याच्या उन्हात वाळत घातली. नाव शीतल विहार म्हणे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पुण्यात रात्री वारा सुटतो म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंतीला पाठ टेकवत नाही. हे तुला माहीत नाही? तू कुठे वाढलास? आमच्या घरी, कवेलूंखालच्या लाकडी माळ्याखाली, दीड हाताच्या भिंतीआड, भर दुपारी पांघरूण मागायचास तू. ते घर तुझ्या मामांनी स्वतः उभं राहून बांधलं होतं. पश्चिमेला एक खिडकी ठेवली नाही. त्यांना तुझं ते भागाकाराचं गणित येत नव्हतं, पण ऊन कुठल्या गावचं आहे हे माहीत होतं. तू त्या घराला चारचौघांत गुरांचा कोठा म्हणालास.

आणखी एक. तुझा अडतीस काय किंवा कोणताही आकडा काय, तो वीज आहे असं धरून आहे. वीज गेली की एसी बंद, आणि आकडा गप्प बसतो. मग बोलतात फक्त भिंत आणि छप्पर. मामांशी ते दोघे काय बोलले, ते मी तीन वर्षं त्याच खोलीत झोपून ऐकते आहे.

असो. बुकिंगचं मागाहून बोलू. आधी एक काम आहे.

अक्षय तृतीयेला मामांच्या नावानं घागर भरायची आहे, पान मांडायचं आहे. आतापर्यंत गावातला नत्थू पितर म्हणून त्या पानावर जेवायला बसायचा. या वर्षी तू बस. सख्खा भाचा असताना परक्याला काय जेवू घालायचं? शंभर बामन अन् एक भाचा, असं आपल्याकडे म्हणतातच. त्या दिवशी तुझं उद्घाटन आहे हे मला ठाऊक आहे. ते संध्याकाळी आहे. पितर भर दुपारी जेवतो.

भाच्याला नाही म्हणू नये, हे मामांनी जीव जाईपर्यंत पाळलं. तू मामाला नाही म्हणतोस का ते बघते.

लीलामामी


पिपरी मेघे
१२ एप्रिल २०२५

ती. मामीस नमस्कार.

तुमचं पत्र लागलं मला. खोटं कशाला बोलू. चार दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. प्रभाकरराव म्हणाले, म्हातारीच्या नादी लागू नका, ऐन उद्घाटनाच्या दिवशी कशाला जाता. पण आईनं जेवण सोडलं. "माह्या भावाचं पान हाय. तू नाई गेला तं मी जाईन अन् मीच बसीन," म्हणाली.

येतो. बारापर्यंत पोचतो. दोनच्या आत मोकळं करा एवढीच विनंती, पाहुणे पाचला येणार आहेत.

आदेश


पिपरी मेघे
९ मे २०२५

ती. मामीस,

इतके दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

त्या दिवशी तुम्ही जिन्यात हसून माझं स्वागत केलंत. पाय धुवायला पाणी दिलंत, कपाळाला गंध लावलं. मी उद्घाटनासाठी नवा कडक इस्त्रीचा सदरा घालून आलो होतो. मला वाटलं, खाली गाळ्यात पान मांडलं असेल. तुम्ही वर नेलंत. मामांची खाट होती तिथेच पाट, समोर मामांचा फोटो, पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर आंबा. पानात पुरणपोळी, सरगुंडे, आंब्याचा रस, वडे, कढी. एवढं रांधायला तुम्ही पहाटेच उठल्या असाल.

पंखा बंद होता. मी म्हटलं, "मामी, लाइट गेली का?"

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होतात, ओठांवरूनच कळलं तुम्हाला. म्हणालात, "गेली नाई. मीच घालवली."

मग वाढायला लागलात. सावकाश. एक वडा वाढायचा, पदरानं घाम पुसायचा, मग दुसरा. मी पाणी मागायच्या आधी तुम्ही पाणी देत होतात, ते एक खरं. सदरा अंगाला चिकटला. डोक्यावरून स्लॅबची धग उतरत होती, टाळू तापत होती. हात टेकायला भिंत धरली आणि चटकन काढून घेतला. वाटीतला रस कोमट झाला. पोळीचा घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. कानात गुणगुण सुरू झाली. मामांचा फोटो जवळ येतोय, लांब जातोय असं वाटायला लागलं.

उठायला हवं हे मला कळत होतं. पण पितर मधेच पानावरून उठला तर ज्याच्या नावानं बसलाय तो वर्षभर उपाशी राहतो, हे लहानपणापासून तुम्हीच सांगत आलात. आणि खरं सांगायचं तर नंतर नंतर तेही डोक्यात नव्हतं. पायांना उठा म्हणत होतो, पाय ऐकत नव्हते. समोर दार सताड उघडं. पलीकडे जिना, जिन्यात सावली.

तेव्हा तुम्ही दाराजवळ बसून विचारलंत, "आदेश, दार तं उघडंच हाय. उठून खाली काऊन नाई जात?"

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. कुणाचं ते आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा मी मामांच्या पानावर रडलो, मामी. भरल्या पानावर रडू नये म्हणतात, तरी रडलो. तुम्ही रसाची वाटी पुन्हा भरलीत आणि म्हणालात, "जेव. त्याइले रस आवडे."

पान पुरं केलं. तुम्हाला दिसलंच ते.

पाच वाजता मांडवात माइक हातात आला. मागे बोर्डावर ३८, हातभर मोठा. काय बोलायचं ते पाठ होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "हा आकडा पुण्याचा आहे." आधी लोक हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग मी पार्किंगचं सांगितलं, गच्चीचं सांगितलं, सरासरीचं सांगितलं. प्रभाकरराव स्टेजवरून उतरून गाडीत जाऊन बसले. बुकिंग केलेल्यांतली निम्मी माणसं चहा न घेताच गेली. प्रभाकररावांनी पार्टनरशिप मोडल्याची नोटीस पाठवली आहे. शीतल विहारचं काम थांबलंय. बाजारात माझ्याकडे बोट दाखवून लोक 'पुणेकर' म्हणतात.

कन्सल्टंटकडून हिशोब पुन्हा करून घेतला. वर्ध्याचं हवामान, फक्त राहायच्या खोल्या, फक्त वरचा मजला. उत्तर एकशे चार आलं. मी त्याला दोनदा विचारलं. एकशे चारच.

मग त्यालाच तुमच्या जुन्या घराची मापं दिली, जशी आठवली तशी. भिंत, माळा, कवेलू. त्याचा आकडा माझ्या घराच्या निम्म्याहून कमी आला. तो विचारत होता, हे घर कुठे आहे, बघायला येतो. मी काय सांगणार?

मामी, एक मागणं आहे. मला तुमच्या स्लॅबवर कवेलूचं दुसरं छप्पर घालू द्या. मधे हवा खेळायला जागा ठेवून, पश्चिमेच्या भिंतीला सावली करून. माझ्या खर्चानं, माझ्या हातानं. पावसाळ्याआधी होईल. म्हणजे तरी तुमचा राग जाईल का?

आदेश


नाचणगाव
१८ मे २०२५

चि. आदेश यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या नुकसानीचं वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. मला बरं वाटलं. मामा गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्या दिवशी पोटभर जेवले, तू गेल्यावर, त्याच खोलीत, वीज बंद ठेवूनच. तुला घाम आला तसा मलाही आला होता. तुझी परीक्षा घेऊन मी पंख्याखाली बसले नव्हते, हे ध्यानात ठेव.

मला तुझं घर कधीच नको होतं. तेराव्याच्या पंगतीत तू जे बोललास त्याचं उत्तर मला हवं होतं, आणि ते तुझ्याच तोंडून हवं होतं. मिळालं. आता तुझ्या आईला सांग, तिचा भाऊ आळसानं मेला नाही. तेराव्याला माना डोलावणाऱ्या त्या दोघांनाही जाऊन सांग. नावं तुला माहीत आहेत.

एकशे चार हा आकडा लपवू नकोस. तोच बोर्डावर लाव, तितकाच मोठा. खाली लिही की वीज गेल्यावर वरच्या खोलीत माणूस किती वेळ बसू शकेल. तसा आकडा कोणी छापत नाही म्हणशील. तू छाप. तू तिथे बसून आला आहेस.

कवेलूचं म्हणतोस, तर ती पिपरी मेघेच्या घरांवर घाल. तिथे लेकराबाळांची माणसं राहायला येणार आहेत. मधे हवा ठेव, पश्चिमेला सावली कर, ऊन वर्ध्याचं धर. घरं उभी राहिली की मी येऊन बघेन, आणि चांगली असली तर चांगली म्हणेन. मी मार्क कापते, पण खोटे कापत नाही.

माझ्या स्लॅबला मात्र हात लावायचा नाही. मी या उन्हाळ्यापासून खाली गाळ्यात झोपते आहे, तिथे बरं आहे. वरची खोली आहे तशीच राहील. विटेला वीट, स्लॅबला स्लॅब. तिच्यात आता कोणी राहणार नाही, ती वर्षातून एकदाच उघडायची.

राग जाईल का, विचारतोस. तू एकदा जेवलास आणि तुला वाटलं फिटलं. पितर एकदाच जेवत नाही, बाळ. तो दरवर्षी जेवतो. जोवर मी आहे तोवर मी वाढेन, आणि भाचा तू एकटाच आहेस.

पुढच्या वर्षीही अक्षय तृतीया एप्रिलातच येते. भर दुपारी येजो. दार उघडंच असेल.

तुझी,
लीलामामी